हाडांचा कुत्रा आणि जिवंत ससा: डार्क फँटसी कुठली, भयकथा कुठली?

उर्सुला व्हर्नन ही अमेरिकन लेखिका मोठ्यांसाठी लिहिते ती टी. किंगफिशर या टोपणनावाने. 2022 मध्ये तिची दोन पुस्तकं आली, 'नेटल अँड बोन' आणि 'व्हॉट मूव्ह्ज द डेड'. दोन्हींत मढी आहेत, हाडं आहेत, आणि दोन्ही सर्रास 'हॉरर' म्हणून एकाच फळीवर लागतात. प्रत्यक्षात पहिली डार्क फँटसी आहे आणि दुसरी निखळ भयकथा. फरक कळायला याहून सोयीची जोडी सापडणं कठीण.

'नेटल अँड बोन' उघडते हाडांनी भरलेल्या खड्ड्यात. मॅरा नावाची राजकन्या तारेने हाडाला हाड बांधत कुत्रा घडवते आहे, तारेची टोकं लागून बोटं रक्ताळली आहेत. कुत्रा उठतो, आणि पुढे पुस्तकभर आपण त्याच्यावर जीव लावतो. दुसऱ्या पुस्तकात तळ्याकाठी एक ससा आहे. हाडामांसाचा, केसाळ, अगदी साधा. फक्त त्याची चाल चुकते, आणि तो बसून एकटक बघत राहतो. झोप उडते ती या सशाने, त्या सांगाड्याने नव्हे!

कारण मॅराच्या जगात हाडांचा कुत्रा बसतो. थडग्यांची राखण करणाऱ्या म्हातारीने तिला तीन कामं सांगितली आहेत: खाजकुयलीसारख्या झोंबऱ्या झाडाच्या धाग्यांचा झगा, हाडांचा कुत्रा, बरणीत भरलेलं चांदणं. कामं अशक्य वाटणारी, पण अटी स्पष्ट. सशाचं तसं नाही. तिथे 1890 सालचा, थोडाफार काल्पनिक युरोप आहे. निवृत्त सैनिक, डॉक्टर, बुरशीची अभ्यासक इंग्रज बाई अशी शहाणी माणसं आहेत. त्या जगात असा ससा असूच शकत नाही. म्हणून पात्रं कितीतरी पानं कारणं शोधण्यात घालवतात, आणि एकेक कारण गळत जातं तशी भीती चढत जाते.

थोडक्यात, डार्क फँटसीत अमानवी गोष्ट त्या गावची रहिवासी असते. भयकथेत ती घुसखोर असते. आपल्याला हे नवीन नाही. कोकणात-गोव्यात देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदार भुताला, रोट, दारू, विडी ठेवली की तो राखण करतो. त्याच्याशी देणंघेणं आहे. वेताळाचंही तेच. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं, बोललास तर मी परत झाडावर. प्रेत खांद्यावर आहे, स्मशान आहे, पण विक्रमाला नियम ठाऊक आहेत. वेताळपंचविशी ऐकून लहान मुलं गाढ झोपतात ती त्यामुळेच.

पुस्तक हातात आल्यावर पहिली तीसेक पानं वाचा आणि विपरीत गोष्ट दिसल्यावर पात्र काय करतं ते बघा. 'हे शक्य नाही' म्हणालं तर बहुधा भयकथा. 'याची किंमत काय?' विचारलं तर डार्क फँटसी. रक्त किती सांडलं यावरून मात्र ठरवू नका, ती मोजपट्टी हमखास फसवते. 'नेटल अँड बोन'मधला खरा राक्षस मॅराच्या बहिणीला छळणारा तिचा नवरा आहे, राजपुत्र. भुताखेतांची विद्या उलट मॅराच्या बाजूने. तिथे भूत अंगात आलेली एक कोंबडीही आहे आणि ती पुस्तकातली सर्वांत मजेदार व्यक्ती आहे. या कादंबरीला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा 2023 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, योग्यच मिळाला.

लिहिणारे घसरतात तेही याच फटीत. भयकथेत शेवटच्या वीस पानांत कुणीतरी बसून भुताची नियमावली समजावतो, आणि भीती तिथेच विरते. डार्क फँटसीत उलटी चूक: ऐनवेळी न सांगितलेली शक्ती उगवते, मग वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. लांबीचाही संबंध आहे. 'व्हॉट मूव्ह्ज द डेड' दोनशे पानांच्या आत आटपते. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या 1839 मधल्या अशरच्या वाड्याच्या कथेवर ती उभी आहे आणि सगळ्याच्या मुळाशी बुरशी आहे हे उघड झाल्यावर ती उगाच रेंगाळत नाही. नवं जग मांडायचं तर पानं जास्त लागणारच.

काही पुस्तकं दोन्ही कप्पे मोडतात. अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेस यांची 'आवर शेअर ऑफ नाइट' (मूळ स्पॅनिश 2019, इंग्रजी 2022) घ्या. लष्करी राजवटीचा काळ, अंधाराची पूजा करणारा श्रीमंतांचा पंथ, आणि त्या अंधाराला बोलावण्याचं त्यांचं माध्यम असलेला बाप, ज्याला मुलाला यातून सोडवायचं आहे. विधी आहेत, नियम आहेत. म्हणजे डार्क फँटसी म्हणावी. पण सौदा करणाऱ्याने कितीही चुकतं केलं तरी तो अंधार आणखी मागतो. जाडजूड आहे, रात्री सुरू करू नका.