फिल्म सोसायटीत प्रायोगिक चित्रपट दाखवायचे आहेत? नोंदणी, सेन्सॉर सूट आणि हक्कपत्रांची माहिती

कथापटाच्या एका खेळाला एक हक्कपत्र, म्हणजे हक्कधारकाची लेखी परवानगी, लागतं. तेवढ्याच दीड तासात प्रायोगिक लघुपट दाखवायचे तर यादीत दहा-बारा चित्रपट येतात. प्रत्येकाचा हक्कधारक वेगळा, प्रत्येकाचं सेन्सॉर प्रमाणपत्र आहे की नाही हे वेगळं, आणि कॉपीही वेगळ्या प्रकारची. त्यामुळे इथे कागदांचं काम मिनिटांवर नाही, चित्रपटांच्या संख्येवर वाढतं. नव्या सोसायट्यांचा पहिलाच कार्यक्रम अडतो तो बहुतेक वेळा याच हिशेबामुळे. खाली महाराष्ट्रातल्या संस्थेच्या दृष्टीने सगळी प्रक्रिया दिली आहे.

संस्थेची नोंदणी

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सज्ञान व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. ललित कलांच्या प्रसारासाठीची संस्था या कायद्याच्या कलम २० मध्ये बसते, म्हणून उद्दिष्टांत ‘चित्रपटकलेचा अभ्यास, रसास्वाद आणि सभासदांसाठी ना-नफा तत्त्वावर खेळ’ असं स्पष्ट लिहावं. ‘चित्रपट निर्मिती, वितरण, इव्हेंट’ अशी पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून भरलेली उद्दिष्टं टाळा. नोंदणीच्या वेळी त्यावर शंका निघते आणि पुढे सेन्सॉर सुटीच्या (प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवू देण्याच्या) अर्जात संस्था अव्यावसायिक आहे हे पटवताना तीच उद्दिष्टं आडवी येतात.

महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी झाली की काम संपत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंद करावी लागते आणि हा दुसरा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतल्या जिल्हा कार्यालयात होतात. शेवटी हातात दोन प्रमाणपत्रं हवीत: एकावर ‘महाराष्ट्र/क्रमांक/वर्ष/जिल्हा’ अशा धाटणीचा संस्था क्रमांक, दुसऱ्यावर ‘एफ’ने सुरू होणारा न्यास क्रमांक. एकच प्रमाणपत्र घेऊन बँकेत गेलात तर खातं उघडताना अडवणूक होते.

अर्जासोबत साधारणपणे हे जोडायचं असतं:

– संस्थापन समयलेख (मेमोरँडम) आणि नियमावली, सर्व संस्थापकांच्या सह्यांसह
– संस्थापकांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे
– कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं संमतीपत्र, सोबत त्याच पत्त्याचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती
– कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, अध्यक्ष किंवा सचिवाचं प्रतिज्ञापत्र
– अर्ज करण्याचा अधिकार कोणाला दिला, तो ठराव

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते नावांच्या स्पेलिंगमुळे. आधारवर ‘सुहास’, पॅनवर नुसती आद्याक्षरं आणि समयलेखात वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, असं झालं की त्रुटी निघालीच. सातही जणांची नावं एका कागदावर ओळखपत्राप्रमाणे उतरवून घ्या आणि सगळे मसुदे त्यावरून करा. पुढे कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवण्याचा अर्ज, द्यावा लागतो. तो राहिला तर कागदोपत्री जुनीच कार्यकारिणी राहते आणि नव्या सचिवाच्या सहीने केलेल्या अर्जाला किंमत उरत नाही.

नियमावलीत सभासदत्वाचं कलम नीट विचार करून लिहा. वय १८ पूर्ण, वार्षिक वर्गणी, ओळखपत्र दाखवून प्रवेश आणि पाहुण्यांबाबतचा नियम, एवढं तरी हवंच. फिल्म सोसायटी दाराशी तिकीट विकत नाही, सभासद करून घेते. ‘एका खेळापुरता सभासद’ ही पळवाट कागदावर येऊ देऊ नका, तो तिकीटविक्रीचाच प्रकार ठरतो.

फेडरेशनची संलग्नता

फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांनी तिच्या पश्चिम विभागाकडे अर्ज करायचा. अर्जाबरोबर दोन्ही प्रमाणपत्रं, नियमावली, कार्यकारिणीची आणि सभासदांची यादी, संलग्न होण्याचा ठराव आणि शुल्क तयार ठेवा. शुल्क वेळोवेळी बदलतं, चालू दर विभागीय कार्यालयातूनच घ्या. परदेशी वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रांचे चित्रपट फेडरेशनमार्फत सोसायट्यांमध्ये फिरतात, हा संलग्नतेचा मोठा फायदा. असं पॅकेज येईल तेव्हा त्याला सेन्सॉरची सूट कोणत्या अटींवर आहे ते पत्राने मागून घ्या आणि फाइलला लावा.

सेन्सॉर: ‘खाजगी खेळ आहे’ एवढं पुरत नाही

खेळ फक्त सभासदांसाठी आहे, म्हणून प्रमाणपत्राची गरज नाही, असा समज सर्रास आढळतो. सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ मध्ये अशी आपोआप मिळणारी सूट नाही. अप्रमाणित चित्रपट दाखवल्याबद्दलच्या कलम ७ मध्ये तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड आहे. सूट मिळते ती कलम ९ खाली, केंद्र सरकारच्या लेखी आदेशाने. म्हणून यादीतल्या प्रत्येक चित्रपटासमोर दोनपैकी एक गोष्ट लिहिलेली असली पाहिजे: प्रमाणपत्राचा क्रमांक, नाहीतर सुटीच्या आदेशाचा क्रमांक.

नव्या सोसायटीने पहिला कार्यक्रम फिल्म्स डिव्हिजन या सरकारी माहितीपट संस्थेच्या खजिन्यातून करावा, असं ठामपणे सुचवतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या सुमारास तिथे झालेलं काम जगातल्या कुठल्याही अवाँ-गार्द (रूढ चौकट मोडणाऱ्या) कार्यक्रमाच्या तोडीचं आहे. प्रमोद पती यांचे लघुपट, एस. एन. एस. शास्त्रींची संकलनाची करामत, तय्यब मेहता आणि एम. एफ. हुसेन या चित्रकारांनी केलेले चित्रपट, सगळे त्यातलेच. सरकारी निर्मिती असल्याने हक्कधारक एकच, आणि सेन्सॉरच्या नोंदीही मिळतात. २०२२ च्या विलीनीकरणानंतर फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दोन्ही एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) आली, त्यामुळे पत्र एनएफडीसीच्या नावे जातं. जुन्या प्रमाणपत्राच्या मुदतीची चिंता नको, २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र कायमस्वरूपी वैध केलं आहे. मात्र प्रमाणपत्रावरची लांबी आणि तुमच्याकडच्या कॉपीची लांबी जुळते का ते बघा. प्रमाणपत्र त्या विशिष्ट आवृत्तीचं असतं.

परदेशी किंवा स्वतंत्र निर्मात्यांचे अप्रमाणित चित्रपट महोत्सवाच्या स्वरूपात दाखवायचे असतील तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करायचा. त्यात चित्रपटांची यादी (मूळ नाव, दिग्दर्शक, देश, वर्ष, भाषा, कालावधी), प्रत्येकाचं कथासार, चित्रपट क्षेत्रातल्या जाणकारांची पूर्वावलोकन समिती आणि तिची शिफारस, कार्यक्रम अव्यावसायिक असल्याचं आणि प्रवेश नोंदणीकृत प्रतिनिधींपुरताच असल्याचं हमीपत्र, तारखा आणि स्थळ द्यायचं. समितीने चित्रपट खरोखर पाहिलेले असले पाहिजेत. त्यासाठी पासवर्ड असलेल्या लिंक हक्कधारकांकडून दोन महिने आधी मागवा.

प्रायोगिक चित्रपटांचं घोडं अडतं ते कथासारापाशी. जिथे कथाच नाही तिथे काय लिहायचं? ‘अस्तित्वाच्या पोकळीचा शोध’ असं लिहिलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पडद्यावर काय दिसणार हे कळत नाही आणि खुलासा मागणारं पत्र येतं. पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं तेच लिहायचं. ऑस्ट्रियाच्या पीटर कुबेल्का यांचा १९६० चा ‘आर्नुल्फ राइनर’ घ्या. त्याचं कथासार असं लिहिता येतं: ‘पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या चौकटी, शांतता आणि सपाट खरखर यांची आधी आखलेली मांडणी. संवाद नाही, व्यक्ती नाही, दृश्य नाही. सुमारे साडेसहा मिनिटं.’ वाचणाऱ्याला विचारण्यासारखं काही उरत नाही. नग्नता, रक्त, धार्मिक चिन्हं असतील तर किती वेळ आणि कशा संदर्भात आहेत तेही इथेच सांगा. झाकून ठेवलेली गोष्ट नंतर सापडली तर त्या चित्रपटामुळे सगळी यादी अडकते.

हक्कपत्र

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना फुकट प्रेक्षकांसमोर सादरीकरणाची सवलत आहे, तिचा आधार अनेक सोसायट्या घेतात. ती साहित्य, नाट्य आणि संगीतकृतींसाठी आहे, चित्रपटांना लागू नाही. चित्रपटाची सवलत शिक्षणसंस्थांना आहे, आणि तीही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्तींपुरती. सोसायटीने महाविद्यालयाचं सभागृह भाड्याने घेतलं म्हणून ती लागू होत नाही. चित्रपट इंटरनेटवर फुकट दिसतो यावरून दाखवण्याचा हक्क मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षारंभापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६७ मध्ये प्रकाशित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२८ ला मोकळा होईल. मूकपटांच्या बाबतीत सांभाळा: चित्र मोकळं असलं तरी डिजिटल कॉपीवर नव्याने बसवलेलं संगीत मोकळं नसतं.

परदेशी प्रायोगिक चित्रपटांसाठी दिग्दर्शकाला शोधत बसण्यापेक्षा पॅरिसची लाइट कोन, लंडनची लक्स, व्हिएन्नाची सिक्सपॅकफिल्म, सॅन फ्रान्सिस्कोची कॅन्यन सिनेमा अशा वितरण संस्थांना लिहा. एकाच संस्थेकडे पाच-सहा चित्रपट मिळाले तर पत्रव्यवहार एकाच ठिकाणी होतो, म्हणून यादी त्यांच्या सूचीकडे बघून आखणं शहाणपणाचं. पत्रात तारीख, स्थळ, खेळांची संख्या, आसनसंख्या, संस्था ना-नफा असल्याचा उल्लेख, हवी असलेली कॉपी आणि ती परत करण्याची तारीख लिहा. उत्तरात भाडं आणि परवानगी दोन्ही लेखी हवीत. भाडं परदेशी पाठवताना बँक ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि कर कपातीची कागदपत्रं मागते. रक्कम लहान असली तरी हे चुकत नाही, म्हणून करार करण्याआधी सीएला विचारा.

जागा आणि यंत्रणा

परवाना असलेलं चित्रपटगृह किंवा एखाद्या संस्थेचं प्रिव्ह्यू थिएटर घ्या. मंगल कार्यालयात पडदा लावला तर जागेच्या परवान्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो. ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा: दिवे घालवून दरवाजे बंद केल्यावर पडद्यावर किती उजेड पडतो? प्रायोगिक चित्रपटात दोन-दोन मिनिटं पडदा काळा राहतो, आणि अशा वेळी बाजूच्या एलईडी पट्टीचा उजेड सगळं खराब करतो.

लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं तो आकडा, हाताने बदला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि लॅपटॉप ६० हर्ट्झवर असेल तर एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवली जाते. कथापटात हे खपून जातं. एकेका चौकटीच्या हिशेबाने बांधलेल्या चित्रपटात लयच बदलते, म्हणजे चित्रपटच वेगळा होतो. २४ किंवा ४८ हर्ट्झ लावा, प्रोजेक्टरमधलं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करायला जादा चौकटी घालणारी सोय) बंद करा, आणि फाइल कमीत कमी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) मागा. डीसीपी (चित्रपटगृहासाठीची डिजिटल कॉपी) कुलूपबंद असेल तर ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक तारखा-वेळांपुरतीच चालते, चाचणीचा दिवस त्यात धरून मागा.

१६ मिमी प्रिंट मिळाली तर वेग विचारून घ्या. ४०० फुटांचं रीळ २४ च्या वेगाने सुमारे ११ मिनिटं, १८ च्या वेगाने जवळपास १५ मिनिटं चालतं. अंदाजाने चालवू नका. प्रोजेक्टरला जादा दिवा जवळ असावा, आणि प्रिंट लावण्याआधी हाताने गुंडाळून जोड तपासावेत.

प्रोजेक्शनिस्टला प्रत्येक चित्रपटासाठी एक ओळ लिहून द्या: पडद्याचं प्रमाण, आवाजाची पातळी, शेवट कसा ओळखायचा. ‘हा मूकपट आहे, आवाज नसणं बरोबर आहे’ आणि ‘चौथ्या मिनिटाला पडदा काळा होतो, दिवे लावू नका’ या दोन ओळी नसल्या की मध्येच दिवे लागतात.

लखलखाटाची सूचना

टोनी कॉनराड यांच्या १९६६ च्या ‘द फ्लिकर’ची सुरुवातच इशाऱ्याने होते: अपस्मार असलेल्यांना या चित्रपटाने झटका येऊ शकतो. तो इशारा दिखाऊ नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारे लखलखाट काही जणांना खरोखर बाधतात. असा चित्रपट यादीत असेल तर सूचना निमंत्रणात, दारावर आणि चित्रपटाआधी तोंडी, तिन्ही ठिकाणी मराठीत द्या. त्याला कार्यक्रमाच्या शेवटी ठेवा, म्हणजे ज्यांना उठायचं आहे ते बाकी काही न चुकवता बाहेर पडू शकतील. दाराशी एक स्वयंसेवक थांबवा.

खेळ झाल्यावर प्रिंट किंवा हार्ड डिस्क ठरल्या दिवशी पाठवून पोच घ्या. हक्कपत्र, प्रमाणपत्राची किंवा सूट आदेशाची प्रत, भाड्याची पावती आणि त्या दिवशीची सभासदांच्या सह्यांची नोंदवही एका फाइलला लावा. वार्षिक लेखापरीक्षणात हीच फाइल लागते, आणि पुढच्या सुटीच्या अर्जासोबत आधीच्या कार्यक्रमाचा पुरावा म्हणून तिच्याच प्रती जोडता येतात.