वैद्यकीय साहित्याचा माग आणि ताबा : बारकोड व आरएफआयडी पद्धती

औषधे, लसी, रक्तपिशव्या, शरीरात बसवायची उपकरणे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे यांच्या प्रत्येक नगाला किंवा खोक्याला यंत्राने वाचता येणारी ओळख देऊन, तो नग कारखान्यापासून रुग्णापर्यंत कोणत्या मार्गाने गेला, कोणी कोणाला दिला व कोणासाठी वापरला याची नोंद ठेवण्याची ही पद्धत आहे. तिच्यात दोन कामे येतात. वस्तू आत्ता कोठे आहे हे कळणे म्हणजे माग. तिची जबाबदारी आत्ता कोणावर आहे हे निश्चित असणे म्हणजे ताबा. पहिले काम दारावर बसवलेले यंत्रही करू शकते. दुसऱ्यासाठी देणारा आणि घेणारा अशी दोन माणसे लागतात, आणि प्रत्यक्षातल्या बहुतेक गडबडी या दुसऱ्या कामातच होतात.

जुन्या व्यवस्थेत हा सारा भार भांडारपालाची साठा नोंदवही, वॉर्डाचे मागणीपत्र आणि सहीची पावती यांवर असे. त्यात नगांची संख्या बहुधा जुळते. पाचशे गोळ्या आल्या, पाचशे वाटल्या. मात्र त्या कोणत्या बॅचच्या, म्हणजे एका खेपेत बनवलेल्या गटाच्या, होत्या हा तपशील वॉर्डात पोचेपर्यंत गळून जातो. एखादी बॅच कमी दर्जाची ठरली आणि ती परत मागवायची वेळ आली की ही उणीव उघडी पडते. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. औद्योगिक वापराचा माल औषधी म्हणून हातोहात पुढे सरकला होता, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगापुढील चौकशीत खरेदी, तपासणी व परवाने अशा सर्वच टप्प्यांवरील ढिलाई बाहेर आली. अशा प्रसंगी बारकोड असता तर मृत्यू टळले असते असे मात्र म्हणता येणार नाही, कारण बारकोड डब्याची ओळख सांगतो, डब्यातल्या द्रवाची नव्हे. माल कोणाकडून आला आणि उरलेला कोठे आहे, एवढे तो तासाभरात सांगू शकला असता.

बारकोडचे अमेरिकी पेटंट नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये मिळाले. किराणा दुकानात तो १९७४ मध्ये पहिल्यांदा वाचला गेला आणि रुग्णालयांत त्यानंतर बऱ्याच उशिराने आला. आज औषधांच्या खोक्यावर दिसणारा ठिपक्यांचा लहान चौकोन बहुधा डेटामॅट्रिक्स प्रकारचा असतो. जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार त्यात ठरावीक सूचक अंकांमागून माहिती येते : ०१ नंतर उत्पादनाचा चौदा अंकी क्रमांक, १७ नंतर मुदत संपण्याची तारीख, १० नंतर बॅच क्रमांक आणि २१ नंतर त्या एका पाकिटाचा अनुक्रमांक. १७ च्या पुढे २७०८३१ असे अंक आले, तर औषधाची मुदत ३१ ऑगस्ट २०२७ ला संपते. तारखेची लांबी ठरलेली असते, बॅच क्रमांकाची नसते. म्हणून बॅचनंतर आणखी काही माहिती असेल तर मध्ये एक अदृश्य विभाजक चिन्ह घालावे लागते. छपाईत ते राहून गेले, तर वाचकयंत्र पुढचा अनुक्रमांकही बॅचमध्येच गिळते आणि संगणकात अस्तित्वात नसलेली बॅच उभी राहते. मुदत व बॅच यंत्रानेच वाचल्यामुळे, ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढण्याचा भांडारातला जुना नियम पाळणेही सोपे होते. भारतातील नोंदणीकृत कंपन्यांचे क्रमांक ८९० ने सुरू होतात, पण त्यावरून माल भारतात बनला असे सिद्ध होत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे; तो गैरसमज दुकानदारांतही आढळतो.

आरएफआयडी म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवण्याची पद्धत. तिच्या टॅगमध्ये सूक्ष्म चिप आणि अँटेना असतात. बॅटरी नसलेला टॅग वाचकयंत्राच्या रेडिओलहरींतूनच ऊर्जा घेतो व आपला क्रमांक परत पाठवतो. त्याच्याकडे यंत्राची थेट नजर जावी लागत नाही, त्यामुळे बंद खोक्यातले शंभर नग एका दमात मोजता येतात. शस्त्रक्रियागृहात वापरायच्या गॉजच्या घड्यांत टॅग शिवून, पोट शिवण्यापूर्वी आत काही राहिले नाही ना हे पडताळण्याची सोयही यामुळेच झाली. मात्र अतिउच्च वारंवारतेच्या लहरी (भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा) पाण्यात शोषल्या जातात आणि धातूवरून परावर्तित होतात. सलाइनच्या बाटल्या आणि स्टीलची हत्यारे म्हणजे नेमक्या याच दोन अडचणी. म्हणून हत्यारांवर टॅगऐवजी लेसरने कोरलेला डेटामॅट्रिक्स अधिक टिकतो, तर रक्तपिशव्यांसाठी १३.५६ मेगाहर्ट्झचे, जवळून वाचले जाणारे टॅग पसंत केले जातात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील ४१ उपकरणांजवळ आरएफआयडी वाचकयंत्रे चालवून १२३ चाचण्या घेतल्या, तेव्हा ३४ वेळा उपकरणांच्या कामात व्यत्यय आला आणि त्यांपैकी २२ प्रसंग धोकादायक ठरवले गेले. त्या चाचण्यांत रुग्ण जोडलेले नव्हते. तरीही कृत्रिम श्वसनयंत्राशेजारी वाचकयंत्र बसवताना आधी स्थानिक चाचणी घेणे तेव्हापासून आवश्यक मानले जाते.

ताब्याची नोंद नीट ठेवायची तर घटनांची भाषा ठरलेली हवी. जीएस१ च्या ईपीसीआयएस मानकात प्रत्येक घटना काय, केव्हा, कोठे आणि का या प्रश्नांच्या उत्तरांनी नोंदवली जाते. माल हस्तांतरित होताना मालक कोण आणि ताबेदार कोण हे वेगवेगळे लिहिण्याची सोयही त्यात आहे. हा भेद रुग्णालयात रोजचा आहे. हाडांच्या शस्त्रक्रियेआधी वितरक प्लेट व स्क्रूंचा पूर्ण संच पाठवतो. त्यातले वापरले जातील तेवढ्यांचेच बिल होते, बाकीचे परत जातात. मधल्या काळात माल वितरकाचा असतो आणि ताबा शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेकडे. एखादा स्क्रू कमी भरला की कोणी उत्तर द्यायचे, हा वाद संच आत येताना स्कॅन झाला होता की नाही यावर मिटतो किंवा चिघळतो.

मोठ्या खोक्याचा क्रमांक वाचून आतली सर्व पाकिटे मिळाली असे मानण्याची रीत सर्वत्र आहे, कारण प्रत्येक पाकीट उघडून वाचणे गोदामाला परवडत नाही. ही गृहीत धरलेली पावती असते. कारखान्यात भरतानाच एक पाकीट इकडचे तिकडे झाले असेल, तर ती चूक पुढच्या प्रत्येक हस्तांतरात खरी म्हणून नोंदली जाते.

मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या गुंगीच्या औषधांच्या बाबतीत ताब्याला कायद्याचे वजन येते. भारतात १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा आणि त्यातील २०१४ ची दुरुस्ती यांनुसार मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आवक-जावकेचा रोजचा हिशेब ठेवावा लागतो. दुहेरी कुलपाचे कपाट, पाळी बदलताना दोघींनी मिळून केलेली मोजणी आणि रिकाम्या कुपीची परतफेड हे रुग्णालयांचे सरावाचे नियम आहेत. बोटाच्या ठशाने उघडणारी स्वयंचलित कपाटे कपाट कोणी उघडले हे सांगतात. फोडलेल्या कुपीत उरलेले अर्धे औषध खरोखर टाकून दिले गेले का, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी साक्षीदाराची सही आजही लागते.

रुग्णाच्या खाटेशी होणारा स्कॅन हा साखळीतला अखेरचा आणि बहुधा सर्वांत मोलाचा दुवा आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील परिचारिका सू किनिक यांनी भाड्याची गाडी परत करताना कर्मचाऱ्याच्या हातातले स्कॅनर पाहिले आणि तेच औषध देताना का वापरू नये असे सुचवले. १९९० च्या दशकात त्यातून माजी सैनिकांच्या खात्याची देशव्यापी पद्धत उभी राहिली. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारकोड वापरल्यावर वेळेशी संबंधित नसलेल्या औषधचुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. दुसरी बाजूही तितकीच नोंदलेली आहे. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासाने परिचारिकांच्या १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यांमागची ३१ कारणे मांडली : रुग्णाच्या मनगटपट्टीचा जादा बारकोड दाराच्या चौकटीवर चिकटवून ठेवणे, अनेक रुग्णांची औषधे आधीच स्कॅन करून एका ट्रॉलीवरून नेणे इत्यादी. चुरगळलेली पट्टी, संपलेली बॅटरी आणि तुटणारे वायरलेस जाळे ही त्यांतली कारणे पाहिली, तर दोष आळसापेक्षा व्यवस्थेकडे अधिक जातो. अशा वेळी संगणकात ताब्याची नोंद निर्दोष दिसते आणि ती खोटी असते.

कायद्यांचा रोख देशोदेशी वेगळा आहे. तुर्कस्तानने २०१० पासून पाकीटनिहाय नोंदणी सुरू केली. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पाकिटाला स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि रुग्णाला देताना औषधविक्रेता तो रद्द करतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की इशारा मिळतो. अमेरिकेचा यासंबंधीचा कायदा २०१३ चा आहे. भारतात निर्यातीच्या औषधांपासून सुरुवात झाली. देशांतर्गत बाजारात १ ऑगस्ट २०२३ पासून औषधविषयक नियमांच्या परिशिष्ट एच२ मधील ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यात उत्पादनाची ओळख, औषधाचे नाव, ब्रँड, उत्पादक, बॅच, निर्मिती व मुदतीच्या तारखा आणि परवाना क्रमांक अशा आठ बाबी लागतात. प्रत्येक पाकिटाचा स्वतंत्र अनुक्रमांक त्यांत नाही. त्यामुळे खऱ्या बॅचचा कोड जसाच्या तसा छापलेले बनावट पाकीट फोनवर खरेच दिसू शकते. ग्राहकाला माहिती देणे आणि बनावट माल पकडणे ही दोन उद्दिष्टे एकाच चौकोनात बसवण्याच्या प्रयत्नात दुसरे मागे राहिले आहे.

शरीरात बसवलेल्या उपकरणांचा माग वर्षानुवर्षे टिकावा लागतो. डीप्यू कंपनीने आपले एएसआर कृत्रिम खुब्याचे सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या; केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१७ मध्ये पाहणी केली तेव्हा केवळ हजारभर रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला होता. सांधा कोणत्या वितरकाने कोणत्या रुग्णालयाला दिला इथपर्यंत कागद सापडू शकतात, पण शेवटचा दुवा, म्हणजे उपकरणाचा क्रमांक आणि रुग्णाचे नाव एकत्र असलेली ओळ, केसपेपरबरोबर नाहीशी होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत नियंत्रित करताना बिलात ब्रँड, उत्पादक व बॅच क्रमांक लिहिणे बंधनकारक केले गेले. किमतीसाठी काढलेल्या त्या आदेशाने मागाचेही काम थोडेफार झाले.

रक्तपेढ्यांमध्ये आयएसबीटी १२८ हे मानक रक्तदानाच्या प्रत्येक घटनेला जगात पुन्हा न येणारा क्रमांक देते. लसींसाठी भारतात चालणारी एव्हिन ही प्रणाली मात्र नग वाचत नाही. शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी मोबाइलवर साठा भरतो आणि फ्रीजमधील तापमापक आकडे आपोआप पाठवतो. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत ई-औषधी या प्रणालीवर साठ्याची व वाटपाची नोंद होते.

वापर संपला तरी ताबा संपत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाबाहेर जाणाऱ्या पिवळ्या, लाल व इतर पिशव्यांना बारकोड लावावा लागतो. सामाईक प्रक्रिया केंद्राचा माणूस पिशवी उचलताना तो वाचतो, केंद्रात उतरवताना पुन्हा वाचला जातो, आणि दोन्ही ठिकाणचे वजन जुळले नाही तर वाटेत पिशवी कोणाच्या हाती होती याचा शोध घ्यावा लागतो.