तीस मीटरखालची गुंगी

सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाऊन पाण्याखाली डोकावून आलेली मंडळी आता पुण्यात घरोघरी सापडतात. इथल्याच जलतरण तलावात सराव करून पुढे अंदमानात 30 मीटरपर्यंत उतरणारेही आहेत. तरी डायव्हरच्या पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, हा समज काही जात नाही. एरवी त्यात असते ती गाळलेली, कोरडी, साधी हवा. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी 10 मीटरवर गेलं तरी आकडी येऊ शकते. पाण्याखाली आकडी आली की तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला पुरवणारं उपकरण) सुटतो आणि माणूस बुडतो.

सगळा खेळ दाबाचा आहे. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 30 मीटरवर तो चौपट होतो. रेग्युलेटर त्याच दाबाने हवा पुरवतो, म्हणजे एका श्वासात चौपट रेणू आत जातात. जमिनीवर निरुपद्रवी असलेला नायट्रोजन तिथे मेंदूला भूल देऊ लागतो. या गुंगीमागे नायट्रोजनच आहे, हे अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी 1935 मध्ये मांडलं. ढोबळ नियम असा की जो वायू मेदात जास्त विरघळतो, तो जास्त गुंगी आणतो. झेनॉन तर जमिनीवरच्या दाबालाही भूल देतो. हेलियम मेदात फारच कमी विरघळतो.

ही गुंगी दिसते कशी? बडी, म्हणजे सोबतचा जोडीदार डायव्हर, खुणेने विचारतो, किती हवा उरली? डायव्हर गेजकडे बघतो, आकडा वाचतो, आणि उत्तराची खूण करायला हात उचलेपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला असतो. पुन्हा बघतो. कुणाला उगाचच आनंद होतो, कुणाच्या पोटात विनाकारण गोळा येतो. काही मीटर वर आलं की डोकं लगेच ताळ्यावर येतं. पण वर यायला हवं, हे सुचायला तर पाहिजे! जो मेंदू गुंगी ओळखणार, तोच गुंगीत असतो. अनुभवी डायव्हर सवयीची कामं बिनचूक करत राहतो. अडचण अनपेक्षित आली की मात्र तोही अडखळतो. म्हणून कोणता वायू श्वासात घ्यायचा, हे डोकं जागेवर असताना, बोटीवर चढण्याआधीच ठरवावं लागतं.

इथे नायट्रॉक्सबद्दल मोठा घोळ आहे. नायट्रॉक्स म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनचंच मिश्रण, पण त्यात ऑक्सिजन हवेपेक्षा जास्त, बहुतेकदा 32 टक्के. नायट्रोजन कमी म्हणजे गुंगी कमी, असं सहज वाटतं. पण ऑक्सिजन मेदात नायट्रोजनच्या जवळपास दुप्पट विरघळतो, त्यामुळे गुंगीच्या हिशेबात दोन्ही सारखेच धरणं शहाणपणाचं. नायट्रॉक्सचा खरा फायदा वेगळा आहे: अंगात नायट्रोजन कमी साठतो, तळाशी जास्त वेळ थांबता येतं. उलट खोलीची मर्यादा आक्रसते. ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) 1.4 वातावरणांच्या वर जाऊ द्यायचा नाही, या नियमाने 32 टक्क्यांचं मिश्रण 33 मीटरपर्यंतच चालतं. ‘भारी’ वायू घेतला म्हणून जास्त खोल जाणं हा जिवाशी खेळ आहे.

खरोखर खोल जायचं तर हेलियम लागतो. 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन, असं ट्रायमिक्स घेऊन 60 मीटरवर गेलेल्याला गुंगी येते ती हवेवर 28 मीटरला येईल तेवढीच. शिवाय त्या खोलीवर हवा सातपट दाट होते, श्वास ओढायलाच कष्ट पडतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी आणखी चढते. हेलियम हलका असल्याने हेही बरंच कमी होतं. तो महाग आहे खरा, पण माझ्या मते 40 मीटरखाली साध्या हवेवर कुणी उतरूच नये. (या हेलियमला नाव देणारे नॉर्मन लॉकियर 1898 चं खग्रास ग्रहण पाहायला आपल्या विजयदुर्गावर आले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नायगामवाला यांनी तेच ग्रहण जेऊरहून टिपलं.)

मिश्रणाचा सिलिंडर हाती आला की भरणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. व्हॉल्व्ह किंचित उघडून ऑक्सिजन मोजणारा ॲनालायझर लावायचा, आकडा स्थिरावू द्यायचा, मग चिकटपट्टीवर ऑक्सिजनची टक्केवारी, कमाल खोली आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहायची. 32 ऐवजी 36 टक्के निघाले, तर कमाल खोली 28 मीटरवर येते. तेव्हा 33 मीटरचा बेत तिथेच रद्द करायचा.