चार जीबीचा ओटा

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडत दुकानाचा ओटा पोत्यांनी भरून जातो. लगेच मोजायचा माल ओट्यावर आणि बाकीचा मागच्या गोदामात, ही वाटणी मुनीम करतो. ओटा लहान असेल आणि गाड्या येतच राहिल्या, तर हमाल एक थप्पी आत नेतात, दुसरी बाहेर आणतात आणि तासाभरात पहिलीच पुन्हा बाहेर काढावी लागते. घाम भरपूर गळतो, काट्यावर मात्र फारसे काही चढत नाही. पंधरा-वीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये नेमके हेच घडते. रॅम हा ओटा, साठवणुकीची चिप हे गोदाम आणि ऑपरेटिंग सिस्टीम हा मुनीम. रॅम अपुरी पडली की हा मुनीम तिच्यातला मजकूर चिपवर हलवतो, आणि ही ने-आण प्रत्यक्ष कामापेक्षा वाढली की पडद्यावरचे वर्तुळ नुसते फिरत राहते. स्वस्त लॅपटॉपमध्ये गोदामही बहुधा ईएमएमसी या संथ, स्वस्त चिपचे असते, म्हणजे वाटही अरुंद. अशा यंत्रावर स्वतः मुनीमच ओट्याचा किती भाग अडवून बसतो, यावर बरेच काही ठरते.

हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो 2007 मध्ये. त्या वर्षी आसुस कंपनीने ‘ई पीसी’ हा सात इंची पडद्याचा लॅपटॉप आणला. त्याच्या गाजलेल्या आवृत्तीत रॅम 512 एमबी होती आणि साठवण अवघी 4 जीबी. त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाला मात्र डिस्कवर 15 जीबी मोकळी जागाच लागत असे, आणि कंपनीने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा झँड्रॉस हा प्रकार बसवला. लिनक्सचा गाभा आणि पडद्यावर दिसणारा भाग वेगवेगळे असल्याने वरचा भाग हवा तितका छाटता येतो. लहान यंत्रावर ही मोठीच सोय ठरली.

मायक्रोसॉफ्टला हा धोका लगेच कळला. विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री 30 जून 2008 रोजी थांबवायची ठरलेली होती. कंपनीने केवळ स्वस्त, लहान लॅपटॉपांसाठी ती पुढे चालू ठेवली आणि अशा यंत्रांचा पडदा व रॅम किती मोठी असावी यावर मर्यादा घातल्या. थोडक्यात, नव्या मुनीमाला ओटा पुरेना म्हणून निवृत्तीला आलेल्या जुन्यालाच परत बसवले. पुढे 2009 मध्ये विंडोज 7 ची ‘स्टार्टर’ आवृत्ती आली. तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे, आणि ही अडचण तांत्रिक नव्हती, महागडी आवृत्ती विकली जावी म्हणून मुद्दाम ठेवलेली होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिनक्स हलके होते, तरी या लहान यंत्रांवर एक्सपीने त्याला फार लवकर मागे टाकले. मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच विचित्र आहे. एक्सपीमध्ये देवनागरी आयती चालू नसे. नियंत्रण पटलातल्या भाषेच्या पर्यायात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक बहुधा विंडोजची मूळ सीडी मागे. या लहान लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नव्हता. उलट त्या काळच्या अनेक लिनक्सांत जोडाक्षरे वेगळे काही न घालता दिसत. पण मराठवाड्यातल्या टायपिंगच्या दुकानात अर्ज, लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होत आणि व्यापाऱ्यांचे हिशेब टॅलीत असत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतात, नसलेल्या त्या फाइली दुसरीकडे उघडल्या की त्यांची निरर्थक चिन्हे होत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने संगणक म्हणजे ती फाइल उघडणारे यंत्र. गाभा कोणाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

2011 मध्ये आलेल्या क्रोमबुक या लॅपटॉपने हा तिढा बगल देऊन सोडवला: बहुतेक काम ब्राउझरमध्येच करायचे, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रश्न उरत नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, क्रोम ओएस, हीही लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे. तिच्यातल्या दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. रॅम भरत आली की ती मजकूर आधी रॅममध्येच दाबून लहान करते, जणू पोती गोदामात न नेता ओट्यावरच घट्ट रचावीत. शिवाय चिपवर प्रणालीसाठी दोन जागा राखलेल्या असतात. एका जागेवरून काम चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्या जागेत उतरते आणि पुढच्या वेळी यंत्र तिथून सुरू होते. मागच्या उन्हाळ्यात मी 32 जीबी साठवणुकीचा एक विंडोज 10 लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पाहिला. त्यात दोन जीबीसुद्धा जागा शिल्लक नव्हती आणि प्रत्येक मोठे अद्यतन अर्ध्यावर येऊन परत फिरत होते. विंडोज 11 ला तर किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण लागते, आणि विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली.

दुकानदाराने त्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून हलके लिनक्स चालवून दाखवले. ब्राउझर, मराठी टंकन आणि छपाई सगळे सुरळीत चालले. मालक गावातले सेवा केंद्र चालवणारे होते. त्यांनी पिशवीतून पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी अंगठा घेण्याचे यंत्र काढले आणि विचारले, “हे चालंल का याच्यावर?” त्या यंत्राच्या डबीवर फक्त विंडोज आणि अँड्रॉइड लिहिलेले होते. दुकानदाराने पेन ड्राइव्ह काढून ठेवला आणि विंडोजमधल्या जुन्या फाइली पुसून जागा करायला सुरुवात केली.