कोयना उन्हाळ्यात वाहते आणि मृगात थांबते, हे कसं झालं

नदी पुनरुज्जीवन म्हटलं की आपल्याकडं पहिला पोकलेन येतो. माण-खटावकडं किंवा कवठेमहांकाळकडं ते एकवेळ समजू शकतो, तिथं ओढे कोरडे, गाळ काढून पाणी अडवलं की विहिरींना फरक पडतो आणि 2014 नंतर हे काम गावोगाव झालं. पण तेच खोलीकरण-रुंदीकरण उचलून कोयना, मोरणा, वांग या नद्यांना लावायचं म्हणजे अवघड आहे. घाटातल्या नदीत मासा टिकतो तो डोह आणि गोट्यांमुळं, आणि पोकलेन नेमकं तेच सपाट करतो.

धरणाआधीचं थोडक्यात सांगतो. महाबळेश्वरहून निघालेली कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेला जाते, हेळवाकला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात धार बारीक व्हायची, डोह तेवढे राहायचे, खडस, मरळ, वाम, मळ्या त्या डोहांत दिवस काढायचे आणि मृगाचा पहिला लोंढा आला की चढणीचे मासे वरच्या ओढ्यांकडं सुटायचे, अंडी घालायला. म्हणजे माशाला पाणी किती यापेक्षा कधी आलं हे महत्त्वाचं होतं.

1960 च्या दशकात धरण उभं राहिलं आणि हे वेळापत्रक उलटं झालं. आज साठवण क्षमता 105 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर आहे. यातलं मोठं पाणी बोगद्यातनं पश्चिमेला पोफळीकडं जातं, वीज होते आणि ते वाशिष्ठीला मिळतं. पाणीवाटपाच्या लवादानं 1970 च्या दशकात त्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. उरलेलं पूर्वेला येतं पायथा वीजगृहातनं, एक युनिट चालू असलं की 1050 क्युसेक, दोन्ही असली की 2100. पेपरात वाचतोच आपण. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा सिंचन योजना वाढल्या तसं हे उन्हाळी पाणीपण वाढत गेलं. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये कोयना भरून वाहते, तेही धरणाच्या पोटातल्या गार पाण्यानं, आणि जूनमध्ये पाऊस लागला की सहसा पायथा वीजगृह बंद, कारण आता धरण भरायचं असतं. हेळवाक ते पाटण या पट्ट्यात पहिला लोंढा आलाच तर बाजूच्या ओढ्यांचा. पाटणपासून खाली केरा, मोरणा, वांग मिळतात म्हणून बरं, पण मोरणा-गुरेघर आणि वांग-मराठवाडी ही धरणं त्यांच्यावरही झालीच.

आता खरा घोळ 2017 चा. दिल्लीच्या राष्ट्रीय हरित लवादानं (एनजीटी) सगळ्या राज्यांना सांगितलं की नदीत कमी पाण्याच्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी ठेवा. ऐकायला छान आहे. हिमालयातल्या नद्यांना, जिथं बोगद्यात पाणी घालून पात्र कोरडं पाडतात, तिथं याचा उपयोग आहेच. पण कोयनेला ही मोजपट्टी लावून बघा. सरासरी कुठल्या वर्षांची धरायची? धरणाआधीची धरली तर उन्हाळ्यातली धारच बारीक, तिचे 15 टक्के म्हणजे जवळपास काहीच नाही. धरणानंतरची धरली, समजा 2100 क्युसेकच धरले, तर होतात 315 क्युसेक, आणि तेवढे जूनमध्ये सोडले की नियम पाळला! पण 315 क्युसेकनं कुठला खडस चढायचाय. म्हणजे कागदावर कोयना पास, आणि माशाच्या दृष्टीनं नापास. कमी पाण्याचा हंगाम सोडून पहिल्या पुराचा हिशोब मांडायला हवा होता, तो त्या टक्केवारीत बसतच नाही, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा वेळ टक्केवारीतच गेला.

बाकीच्या गोष्टी त्यामानानं सोप्या आहेत. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायला खांबांमध्ये घातलेल्या फळ्या) पावसाच्या आधी निघाले की मासा खांबांमधनं वर जातो. पण ते गाळात रुतून बसलेले असतात, फटीत प्लास्टिक आणि जलपर्णी अडकलेली असते, क्रेन वेळेवर येत नाही आणि तेवढ्यात पाणी येतं. मत्स्यबीज सोडायचे कार्यक्रम होतात, पण कटला-रोहू-मृगळ हे गंगेकडचे मासे, त्यात चिलापी (तिलापिया) आपोआप शिरलेली, त्याला नदी सुधारली म्हणणं जरा जास्तच होतं. आणि 22-23 जुलै 2021 ला, महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात डोंगर खचले, तेव्हापासनं ओढ्यांत आलेले दगडगोटे काढायची मागणी जोरात आहे. गावाजवळ काढा की, पण सरसकट नको.

मृगात पाऊस लागल्यावर दहा दिवस 2100 क्युसेक सोडले तर साधारण 1.8 टीएमसी लागतं. पाणी वाया जात नाही, पायथ्याला वीज होतेच, फक्त पश्चिमेला तेच पाणी चारशे-पाचशे मीटर खाली पडतं त्यामुळं तिकडं वीज कितीतरी जास्त होते, आणि खरी अडचण ही आहे. गंमत म्हणजे 2019 आणि 2021 च्या पुरानंतर सांगलीकर म्हणतायत की धरण जून-जुलैत फार भरू नका. मासेवाले आणि पूरवाले एकच गोष्ट मागतायत, पण वेगवेगळ्या बैठकांत.