डिस्कवरचं वर्तुळ: वेगाचं की ओरखड्याचं?

"ही वापरल्याली डिस्क दिलासा व्हय मला?" लग्नाची डीव्हीडी उन्हात तिरकी धरून काका विचारत होते. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. ऐन अक्षतांच्या वेळी चित्र अडकतंय आणि डिस्कच्या मागं गोल रेघ दिसतेय, म्हणजे रेघेमुळंच अडकतंय, असा त्यांचा हिशोब. हातात घेऊन बघितलं तर रेघा दोन निघाल्या. एक माझ्या रायटरनं, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या यंत्रानं उमटवलेली, दुसरी त्यांच्या गाडीतल्या प्लेअरनं ओढलेली. त्यांनी बोट ठेवलं होतं ते माझ्या रेघेवर.

माझी रेघ कुठून आली ते आधी सांगतो. कोऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसर तो ठिपक्याठिपक्यानं भाजत जातो, म्हणून लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा वेगळ्या छटेचा दिसतो. लिहिणं आतून सुरू होऊन बाहेर सरकतं. डेटा जिथं संपतो तिथं छटा बदलते, तेही वर्तुळच. त्याला कुणी दोष म्हणत नाही.

आता वेग. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर फेसिंग केलेल्याला, म्हणजे फिरत्या धातूच्या तुकड्याचं (जॉबचं) तोंड सपाट कापलेल्याला, हे लगेच पटेल. फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या तर जॉबच्या कडेला कटिंग स्पीड (टूलखालून धातू सरकण्याचा वेग) जास्त मिळतो, मध्याला कमी. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, कटिंग स्पीड कायम ठेवणारा जी ९६ हा आदेश टाकला की टूल मध्याकडं जाईल तशा फेऱ्या वाढतात, आणि त्या बेसुमार वाढू नयेत म्हणून जी ५० या आदेशानं वरची मर्यादा बांधतात. डीव्हीडी रायटरची अडचण तीच. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे ट्रॅक (डेटा लिहायची गोलगोल वाट) लेसरसमोरून सेकंदाला सुमारे ३.५ मीटर सरकतो. १६ एक्सला बाहेरच्या कडेजवळ मिनिटाला ९,००० च्या वर फेऱ्या लागतात. तोच वेग अगदी आतल्या ट्रॅकला द्यायचा तर २२,००० च्या आसपास फिरवावी लागेल, आणि तेवढं प्लास्टिकला झेपत नाही. म्हणून डब्यावर १६ एक्स छापलेलं असलं तरी सुरुवात ६ एक्सच्या आसपास होते.

मग वेग वाढवायचा कसा? काही रायटर फेऱ्या कायम ठेवतात. तिथं ट्रॅकचा वेग आपोआप हळूहळू चढतो, छटाही हळूच बदलते आणि ठळक रेघ उमटत नाही. काही रायटर मात्र पायऱ्या करतात, समजा ८ एक्सला: आतला पट्टा ४ एक्सनं, पुढचा ६ नं, मग ८ नं. प्रत्येक पायरीवर लिहिणं क्षणभर थांबतं, फेऱ्या आणि लेसरची ताकद बदलते, आणि थांबलं होतं तिथूनच पुढं जोडून लिहिलं जातं. हा सांधा डोळ्यांना रेघ म्हणून दिसतो. सांधा नीट बसला असेल तर प्लेअरला त्याचा काही त्रास नाही. शिवाय एकाच रायटरवर, एकाच जातीच्या डिस्कवर, त्याच स्पीडनं लिहिलं तर रेघ दरवेळी साधारण त्याच जागी येते. काकांच्या डिस्कशेजारी मी दुसऱ्या लग्नाची डिस्क ठेवली, तर तिथंही तीच रेघ.

दुसरी रेघ नखानं सापडली. वेगाची रेघ प्लास्टिकच्या आत असते, नख तिच्यावरून सरळ घसरतं. ओरखड्याला नख अडकतं. डिस्क फिरत असताना गाडी खड्ड्यात आदळली आणि डिस्क आत कशाला तरी घासली की असा गोल ओरखडा पडतो (आमच्याकडचे रस्ते माहीतच आहेत). आणि गोल ओरखडा फार वाईट. मध्यापासून कडेपर्यंत आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक ट्रॅकचा इवलासा तुकडाच खातो. काही मिलिमीटरपर्यंतचं नुकसान प्लेअर जादा साठवलेल्या माहितीवरून भरून काढतो. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूनंच धावतो, सलग कितीतरी लांबी झाकतो. म्हणून डिस्क पुसतानाही तवा घासल्यासारखी गोल पुसू नये, मधून कडेकडं सरळ पुसावी.

स्पीड कमी केला की वेगाच्या रेघा जातात हे खरं. ४ एक्सला आतल्या ट्रॅकलाही साडेपाच हजारांच्या आसपास फेऱ्या पुरतात, त्यामुळं पायऱ्यांची गरजच उरत नाही. पण रेघ गेली म्हणजे डिस्क उत्तम लिहिली गेली असं नाही. १६ एक्सच्या डिस्कचा रंग जलद लिहिण्यासाठी बेतलेला असतो, तिला उगाच मुंगीच्या पावलानं लिहून फायदा होईलच असं नाही. मी ८ एक्स ठेवायचो आणि लिहून झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं, चुकवायचो नाही.

काकांना मात्र नवी डिस्क ४ एक्सवर लिहून दिली. त्यांनी ती पुन्हा उन्हात धरली, चारी बाजूंनी फिरवली. एकही रेघ नाही. "आता कसं!" म्हणाले, आणि ती घेऊन गाडीत जाऊन बसले. जुन्या डिस्कवर नख फिरवायला सांगितलं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं नाही.