अल्पकालीन स्मृतीचा सराव (ज्येष्ठांसाठी)

नुकतेच ऐकलेले किंवा पाहिलेले काही सेकंद मनात धरून ठेवते ती अल्पकालीन स्मृती. मनात घोळवले नाही, तर ते साधारण अर्ध्या मिनिटात निसटते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारवर आणली.

रामरक्षा किंवा पाढे म्हणण्याने मन रमते, पण ते लहानपणापासून पाठ असल्याने या स्मृतीला काम पडत नाही. सरावाला मजकूर रोज नवा हवा. चर्चगेट ते विरार स्थानके ओळीने म्हणणेही पाठांतरच. त्याऐवजी जोडीदाराने चार नावे विस्कटून, सावकाश सांगावीत: माहीम, चर्नी रोड, दादर, महालक्ष्मी. ऐकणाऱ्याने ती चर्चगेटकडून क्रमाने लावावीत: चर्नी रोड, महालक्ष्मी, दादर, माहीम. नावे धरून ठेवता ठेवता हलवायची, यातच खरी मेहनत आहे. सुरुवात तीन नावांनी करावी. सलग तीन दिवस जमले की एक वाढवावे. प्रभादेवीला कोणी जुन्या नावाने एल्फिन्स्टन म्हटले, तर ते बरोबरच धरावे.

रोजच्या गरजेसाठी अंतराने आठवण्याची पद्धत जास्त कामाची. ‘चष्मा टीव्हीशेजारच्या डब्यात’ अशी एकच गोष्ट घ्यावी. ती ३० सेकंदांनी विचारावी, मग १, २, ४, ८ मिनिटांनी. मधल्या वेळात गप्पा किंवा भाजी निवडणे चालू द्यावे. चुकल्यास लगेच बरोबर उत्तर सांगून म्हणवून घ्यावे आणि शेवटच्या जमलेल्या अंतरावर परतावे. ‘आठवा, आठवा’ असा तगादा लावू नये. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच पक्के होऊन बसते.

एका वेळी १५-२० मिनिटे पुरतात. टीव्ही बंद आणि श्रवणयंत्र कानात हवे, कारण नीट ऐकू न आलेलेच पुष्कळदा ‘विसरले’ म्हणून मोजले जाते.

अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या बौद्धिक सरावाच्या चाचणीत (२००२) जे शिकवले तेच सुधारले. दोन वर्षांत रोजच्या व्यवहारात फरक दिसला नाही. म्हणून सराव रोज लागणाऱ्या गोष्टींचाच करावा.

बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसरभोळेपणा वाढतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला किंवा ओळखीच्या गल्लीत वाट चुकू लागली, तर सरावावर न थांबता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. काही तासांत अचानक गोंधळ उडाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.